आखातीची टोपली

मराठीत ‘वावर’ या शब्दाचे दोन अर्थ सर्वांच्या परिचयाचे आहेत. विदर्भ-खानदेशात वावर म्हणजे शेत, आणि सर्वत्रच वावर म्हणजे माणसांचे येणे-जाणे, घरात जाणवणारे त्यांचे असणे. पालघर जिल्ह्यातील जव्हार तालुक्यात याच नावाचे एक गाव आहे. गावाच्या नावाशी या अर्थांचा संबंध असो वा नसो, दिवाळी सरली की तेथील दोन्ही वावर रिकामे होतात. शेते कापून मोकळी झालेली असतात आणि घराघरांतील कर्ती माणसे उंबरठा ओलांडून दूर निघून जातात. मागे उरतात आजा, आजी आणि नातवंडे.

सह्याद्रीच्या पश्चिम अंगाला पसरलेला जव्हार-मोखाड्याचा हा डोंगराळ पट्टा. १९४८ पर्यंत जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान होते. पुढे ते ठाणे जिल्ह्यात आले आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा स्थापन झाल्यावर त्या जिल्ह्याचा भाग झाले. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी अशा समाजांची येथे वस्ती आहे. पाऊस असा कोसळतो की समोरचा डोंगर दिवसदिवस दिसत नाही, आणि तो सारा पाऊस उतारावरून समुद्राकडे धावत निघून जातो. माघ-फाल्गुनातच विहिरींचे तळ दिसू लागतात. खाचरात भात, उतारावर नागली आणि वरई, जोडीला उडीद, तूर, खुरासणी. बहुतेकांचे पीक वर्षातून एकच. ते खळ्यातून घरात येते, कुडाच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या कणगीत पडते, आणि मग घराचे वर्ष पंचांगाने नव्हे तर त्या कणगीच्या तळाने मोजले जाते.

वाघबारशीला वाघदेवाला नैवेद्य दाखवून झाला, दिवाळीचे चार दिवस तारप्याच्या सुरात गेले, की पाड्यावर ठेकेदाराची माणसे दिसू लागतात. पुष्कळ घरांनी पावसाळ्यातच उचल घेतलेली असते. ती आता अंगमेहनतीने फेडायची असते. भिवंडी, कल्याण, वसईकडील वीटभट्ट्यांवर जाणारा टेम्पो भल्या पहाटे येतो. भांड्यांचे गाठोडे, अंथरूण-पांघरूण, कोंबड्यांची डालगी, कुणाची शेळी, आणि माणसे. अंगावर पिणारे मूल आईबरोबर जाते. त्याला सांभाळायला आठ-नऊ वर्षांची बहीण जाते. तिची शाळा त्या टेम्पोतच सुटते. शाळेत रमलेला मधला मुलगा मात्र आजीजवळ राहतो. ही वाटणी कुणी कागदावर लिहीत नाही, तिच्यावर फारशी चर्चाही होत नाही. टेम्पो वळणाआड गेला की आजी नातवाचा हात धरून घरात परतते आणि चूल पेटवते. त्या दिवशी चुलीवरचे भांडे नेहमीपेक्षा लहान असते.

नातवंडांच्या आठवणींतील आजी बहुतेक वेळा सुटीतील आजी असते. शहरातील मुले मे महिन्यात गावी जातात, आमरस खातात, ओसरीवर गोष्टी ऐकतात आणि जून उजाडताच परततात. आजी त्यांना सणासारखी भेटते. वावरच्या मुलाला आजी रोजच्या भाकरीसारखी भेटते. येथे आजी हीच आई, तीच घरधनीण, तीच वैद्य आणि तीच अर्धी शाळा. वयाची साठी ओलांडलेली ही स्त्री कोंबडा आरवण्यापूर्वी उठते. गावात पिठाची गिरणी असली, तरी वीज नसलेल्या दिवशी किंवा सुट्या पैशांची वानवा असलेल्या दिवशी जात्यावर नागली ओढते. तव्यावरची काळसर तपकिरी भाकरी फुगली की तिचा पहिला चतकोर चुलीजवळ बसलेल्या पोराच्या हातात पडतो, सोबत खुरासणीची चटणी. दुपारी वरईची किंवा तांदळाची पेज. उन्हाळ्यात नागलीची आंबील. नागली पचायला हलकी, पण भूक बराच वेळ दूर ठेवणारी. हे आहारशास्त्र तिला कुणी शिकविलेले नसते. ज्या धान्याला शहरात आज ‘पौष्टिक भरडधान्य’ म्हणून दुकानात मानाचे स्थान मिळाले आहे, ते तिच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या केवळ ‘धान्य’ होते.

पाण्याची गोष्ट वेगळीच सांगावी लागते. फाल्गुन संपता संपता आजी नातवाला घेऊन झऱ्यावर जाते. खड्ड्यात पाणी पाझरेपर्यंत बसून राहावे लागते. मग वाटीवाटीने ते हंड्यात भरायचे, हंड्याच्या तोंडाला फडके बांधून. जैन घरांतील वृद्ध स्त्रियांनी हे दृश्य पाहिले तर त्यांना आपल्या सासूची आठवण होईल. दुपदरी गळणे, गाळून झाल्यावर ते हलक्या हाताने पुन्हा त्याच पाण्यात धुऊन जिवाणी विहिरीत पोहोचविण्याची ती काळजी. एकीकडे व्रत आहे, दुसरीकडे गढूळपणावरचा साधा उपाय. तरीही पाणी हा फुकटचा पदार्थ नव्हे, हे दोन्ही घरांतील मुले आजीच्या हाताकडे पाहतच शिकली.

आजोबांचा दिवस धिम्या गतीचा. गुरे घेऊन माळावर जाणे, बांबूच्या कामट्या तासून टोपली विणणे, कुडाच्या भिंतीतील कुजलेल्या कारवीच्या काठ्या बदलणे. फाल्गुनापासून राबाची तयारी सुरू होते. झाडांच्या फांद्या, पालापाचोळा, शेण यांचे थर रोपवाटिकेच्या जागेवर रचायचे आणि पावसापूर्वी जाळायचे, म्हणजे भाताचे आवण जोमदार येते. कोणत्या झाडाची फांदी किती उंचीवर तोडली म्हणजे झाड मरत नाही, हे आजोबा नातवाला झाडाखाली उभे राहूनच दाखवितात. तोंडी सांगितलेले फारसे नसते. बोट दाखविलेले पुष्कळ असते.

रात्री मात्र जीभ मोकळी होते. कोकणा समाजात थाळीवर कथा लावणारे जाणते असतात. काशाच्या थाळीच्या मध्यभागी मेणाने एक बारीक काडी उभी चिकटवायची आणि त्या काडीवरून बोटे खाली ओढीत राहायची. थाळीतून भुंग्यासारखा अखंड गुंजारव उठतो. त्या नादावर धान्याची देवी कणसरी हिची कथा रात्रभर चालते. वारल्यांच्या घरी लग्नात देवचौकातील पालघटीसमोर धवलेरी गाते. ती गाते तेव्हाच लग्न लागते. ती बहुधा वयस्क असते आणि तिची गाणी कोणत्याही वहीत नसतात. ऐकणारी मुलगी पाड्यावर असेल तरच ती गाणी पुढे जातील. वीटभट्टीवर गेलेल्या आठ वर्षांच्या बहिणीच्या कानावर त्या हिवाळ्यात काय पडले, असा प्रश्न येथे मनात आल्यावाचून राहत नाही.

या घरांची चित्रे केवळ गोड रंगांत रंगविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. जुनी माणसे आषाढ-श्रावणाला भुकेचे महिने म्हणूनच ओळखत. कणगी रिकामी, मजुरी बंद, ओढे दुथडी, वाट चिखलात बुडालेली. अशा वेळी आजी रानात जाई. कोवळा टाकळा, कुर्डू, माठ, बांबूचे कोंब. आणि काहीच मिळाले नाही तर कडू कंद. हा कंद तसाच खाल्ला तर बाधतो. त्याच्या पातळ चकत्या करून त्या राखेबरोबर उकडायच्या, मग टोपलीत भरून रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायच्या, तेव्हा कुठे त्यातील कडूपणा उतरतो. कोणत्या वेलीचा कंद, किती वेळ उकडायचा, किती वेळ पाण्यात ठेवायचा, याचा अंदाज चुकला तर सारे घर आजारी पडे. म्हणून हे काम आजीचेच.

जैन वाचकाला येथे थोडे थांबावे लागेल. आपल्या घरी कंदमूळ वर्ज्य. बटाटा नसलेली भाजी, कांद्याविना आमटी, चातुर्मासात हिरव्या पालेभाज्यांचाही त्याग. आणि त्या त्यागाचा वारसा आपल्याला आजीनेच दिला. वावरच्या आजीने नातवाच्या पानात कंद वाढला तोही वारसाच. (तेथे मासळी आणि शिकारही आहे, ते लपवून ठेवण्याचे कारण नाही.) त्याग करायला आधी हातात काही असावे लागते. ज्या घराच्या कणगीत धान्य आहे त्याच घरात उपवासाला तप म्हणता येते. नाहीतर तो केवळ लंघन असतो, आणि लहान मुलाच्या बाबतीत त्याहूनही भयंकर काही.

ते भयंकर वावरने पाहिले आहे. १९९२-९३ मध्ये वावर-वांगणी हे जोडनाव महाराष्ट्रभर झाले ते कुपोषणाने शंभरावर बालके दगावल्यामुळे. त्यापूर्वी या गावांचे नाव जिल्ह्याबाहेर क्वचितच कुणी ऐकले असेल. अन्नाचा तुटवडा हे एकच कारण नव्हते. अशक्त आईच्या पोटी जन्मलेले कमी वजनाचे मूल, पावसाळ्यातील जुलाब आणि ताप, दवाखान्यापर्यंत न पोहोचणारी वाट, आणि त्यामागे कर्जाचा व स्थलांतराचा जुना फेरा, अशी ती साखळी होती. वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली, मंत्र्यांचे दौरे झाले, योजनांचे कागद निघाले. त्या घरांतील आज्यांचे मात्र कुठे काही छापून आलेले आढळत नाही. मूल मांडीवर घेऊन पेजेचे थेंब ओठांना लावीत बसलेल्या त्या बायकांपैकी ज्या आज हयात असतील, त्यांचे वय ऐंशीच्या पुढे गेले असेल. त्यांच्या ‘आठवणी’ कुणी विचारीत नाही, आणि विचारल्या तरी त्या सांगतीलच असे नाही.

मुलांकडे त्यांच्या अंगणात जाऊन पाहिले पाहिजे, हे या जिल्ह्यात फार पूर्वी दोन स्त्रियांनी ओळखले होते. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ तेथेच त्यांच्या कामात सामील झाल्या. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाच्या अंगणात न्यायची, ही त्यांची अंगणवाडी; मूल गुरांमागे कुरणात असेल तर शाळा कुरणात न्यायची, ही कुरणशाळा. खेळणी म्हणजे गारगोट्या, बिया, शिंपले, पाने. अंगणात शाळा भरली की तिच्या कडेला कोण असणार? घरातील म्हातारी माणसेच. अनुताईंची विहीर खोलवर लागली होती असेच म्हणावे लागते. आज देशभर गावोगाव ‘अंगणवाडी’ आहे, आणि वावरच्या पाड्यावरही सकाळी नातवाला कडेवर घेऊन तेथे पोहोचविणारी व्यक्ती बहुधा आजीच असते.

आता दुसऱ्या एका आजोबांविषयी.

जव्हार, मोखाडा, विक्रमगड यांच्या बाजारपेठांत गुजराती आणि मारवाडी व्यापाऱ्यांची जुनी दुकाने आहेत. त्यांत जैन कुटुंबेही आहेत. अशा घरांतील मुले शिकून मुंबई-ठाण्याला गेली, तिसरी पिढी परदेशी गेली. परंतु कुटुंब एकत्र जमले की गोष्टी निघतात त्या दुकानामागच्या घराच्याच. पुढे दुकान, मागे घर, मधल्या चौकात तुळईला टांगलेला पाळणा. मीठ-मिरची, गूळ, रॉकेल, कापड, पत्र्याच्या डब्यांतील बिस्किटे. सूर्य डोंगराआड जाण्यापूर्वी सर्वांची जेवणे आटोपलेली. दिवेलागणीनंतर आजोबांच्या तोंडात पाण्याचा थेंबही नाही. नातवंडांना मांडीवर घेऊन नवकार म्हणवून घेणे, पर्युषणात संवत्सरीला वयाने लहान असलेल्या नोकरासमोरही हात जोडून ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणणे. ही माणसे प्रेमळ होती आणि त्यांच्या आठवणींनी आजही नातवंडांचे डोळे ओलावतात, ते योग्यच आहे.

त्या दुकानात लाल कापडाने बांधलेली चोपडीही होती. दिवाळीला, भगवान महावीरांच्या निर्वाणाच्या पर्वात, नव्या चोपडीचे पूजन होई. पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक आणि ‘लाभ-शुभ’. त्याच आठवड्यात वावरच्या वाटेने टेम्पो येत असे. पावसाळ्यात खावटी म्हणून नेलेले धान्य सुगीला वाढीव मापाने परत करायचे, ही रीत या डोंगरपट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या चालली. ती कुणा एका दुकानाची किंवा एका समाजाची नव्हती. जमीनदार, सावकार, जंगलाचे ठेकेदार, सारे त्यात होते. १९४५ साली याच जिल्ह्याच्या पश्चिम भागात गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारली जे उठले ते वेठबिगारी आणि लग्नगडीच्या प्रथेविरुद्ध; लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवरा-बायकोने सावकाराकडे आयुष्यभर राबायचे, असा तो प्रकार होता. पुढे कायदे झाले. रोजगार हमी आली, आदिवासी विकास महामंडळाची खावटी आली, रेशनचे धान्य आले. काही दुकानदार आजोबांनी पावसाळ्यात कुणी रिकाम्या हाताने परत जाऊ नये म्हणून न लिहिताही धान्य दिले असेल. तेही खरे असू शकते. पण जुनी चोपडी उघडली तर एकाच ओळीत दोन आजोबा भेटतात. एकाचे वळणदार अक्षर आणि त्याच्या पुढे दुसऱ्याचा अंगठा. एकाचा नातू आज अक्षर पाहून हळवा होतो. दुसऱ्याच्या नातवाजवळ आजोबाची खूण म्हणून कदाचित तेवढा अंगठाच असेल, आणि तोही पराक्याच्या माळ्यावर.

वैशाख शुद्ध तृतीयेला दोन्ही घरांत सण असतो. जैन परंपरेत तो भगवान ऋषभदेवांच्या पारण्याचा दिवस. माणसाला असि, मसि, कृषी शिकविणारे, म्हणजेच नांगर धरायला शिकविणारे ते आदिनाथ. दीक्षेनंतर वर्षाहून अधिक काळ ते निराहार फिरत होते, कारण मुनीला काय द्यावे हेच लोकांना ठाऊक नव्हते. लोक हत्ती देऊ करीत, रत्ने देऊ करीत. अन्न देण्याचे कुणाला सुचले नाही. हस्तिनापुरात श्रेयांसकुमारांना जातिस्मरण झाले आणि त्यांनी उसाचा रस ओंजळीत घातला. श्वेतांबर परंपरेनुसार श्रेयांस हे बाहुबलींच्या वंशातील, म्हणजे ऋषभदेवांचे पणतू. पणजोबाची भूक पणतवाला कळली! वर्षीतपाचे पारणे करणाऱ्या आपल्या घरातील वृद्धांना त्या दिवशी नातवंडे उसाचा रस देतात, ती याच प्रसंगाच्या स्मरणार्थ.

जव्हारच्या पाड्यांवर हीच तिथी ‘आखाती’. सणाच्या काही दिवस आधी आजी बांबूच्या टोपलीत माती भरते आणि घरच्या बियाण्यांतील मूठमूठ दाणे त्यात पेरते. टोपली घरातील अंधाऱ्या कोपऱ्यात झाकून ठेवायची, पाणी शिंपडायचे. अंकुर दाट आले तर बियाणे सकस. विरळ आले तर आवणापूर्वी दुसरीकडून बी मिळविले पाहिजे. गौर म्हणून त्या अंकुरांची पूजा होते, मुली गाणी म्हणतात. ती पूजा आहे आणि परीक्षाही. आजीने कणगीतील शेवटचे धान्य संपत आलेले असतानाही वेगळ्या गाडग्यात राखेत घोळवून ठेवलेल्या बियाण्याची ती परीक्षा. मूल भुकेले असताना त्या गाडग्याला हात न लावणे हा अपरिग्रह नव्हे, संयम तर नक्कीच आहे. त्याला आपल्या शास्त्रात कोणते नाव आहे, ते जाणत्यांनी ठरवावे.

अलीकडे काही बदलते आहे. हंगामी वसतिगृहाच्या योजनेमुळे मागे राहिलेल्या मुलांना शाळेजवळ जेवण मिळण्याची सोय काही गावांत झाली. जव्हार-मोखाडा-विक्रमगड भागात मोगऱ्याची लागवड वाढली. भल्या सकाळी खुडलेल्या कळ्या दादरच्या फूलबाजारात जातात. ज्यांच्या शेताजवळ पाणी आहे, त्या घरातील माणसे भट्टीवर जायची थांबली. ज्यांच्याजवळ पाणी नाही, त्यांच्या घरी अजून टेम्पो येतो. मोबाइल मात्र बहुतेक घरांत पोहोचला आहे. रेंज मिळावी म्हणून आजी नातवाला घेऊन टेकाडावर चढते. भट्टीवरून आई विचारते, “जेवलास का?” मुलगा मान हलवितो, फोनमध्ये मान दिसत नाही हे त्याच्या ध्यानात येत नाही, आणि मग आजीच पुढे होऊन सांगते, “जेवला गं, जेवला.”

आखातीच्या आसपास भट्ट्यांवरची माणसे परतू लागतात. हिशेब होऊन हातात काही उरलेले असते किंवा पुढच्या वर्षाची उचल डोक्यावर घेऊनच ती येतात. तान्हे मूल आता चालू लागलेले असते आणि आजीला ओळखत नाही. बहिणीच्या तळहातांना विटांच्या मातीने भेगा पडलेल्या असतात. आजी काही न बोलता त्यांवर खुरासणीचे तेल चोळते. मग ती कोपऱ्यातील टोपली उजेडात आणते. झाकण निघते. अंधारात वाढल्यामुळे पिवळसर राहिलेले नागलीचे कोंब एकमेकांना टेकून उभे असतात. मधला मुलगा बहिणीला हाताला धरून टोपलीजवळ बसवितो आणि ते मोजू लागतो. शंभराच्या पुढची मोजणी या हिवाळ्यात शाळेत शिकलेला तोच असतो. ती त्याच्या मागोमाग आकडे म्हणत जाते.